पाहुणीची पोचपावती

बेलकोर्टच्या पोलिस खात्याने लॉर्ना स्टुकेलला एक नारिंगी जाकीट दिलं, पाठीवर ठळक अक्षरांत 'पाहुणा' लिहिलेलं, आणि सोबत बारा पानांचा फॉर्म दिला. पोलिसांच्या गाडीत बसून आपण मेलो तर आपली चूक, हातपाय मोडले तर आपली चूक, सीटवर कॉफी सांडली तरी आपलीच चूक, हे सगळं तिने चष्मा पुसून पुसून मान्य केलं आणि सांगतील तिथे सह्या ठोकल्या. तिला काहीही करून त्या गाडीत बसायचं होतं. त्यासाठी ती दहा आठवडे दर मंगळवारी 'नागरिकांसाठी पोलिस वर्ग' नावाच्या प्रकाराला गेली होती. बोटांचे ठसे घ्यायला शिकली, रबरी बाहुल्याची छाती दाबायला शिकली, ठाणेदारांचे मासेमारीचे किस्से हसून ऐकले. वर्गाची शेवटची परीक्षा म्हणजे गस्तीच्या गाडीतून आठ तासांची फेरी. बाकीचे लोक मजा म्हणून जायचे. लॉर्ना एका प्रश्नाचं उत्तर आणायला निघाली होती.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तिचा नवरा व्हर्न काकडीच्या लोणच्याची बरणी उघडता उघडता स्वयंपाकघरात कोसळला. लॉर्नाने लगेच फोन लावला. बेलकोर्टला अँब्युलन्स शेजारच्या गावाहून येते, म्हणून हृदयाला झटका देणारी पेटी पोलिसांच्या गाडीत ठेवलेली असते. पोलिस ठाणं तिच्या घरापासून चार मिनिटांवर. गाडी आली एकोणिसाव्या मिनिटाला. मायक्रोवेव्हवरच्या घड्याळातला एकेक आकडा बदलताना तिने पाहिला होता. तिने खात्याला पत्र लिहून विचारलं, की उशीर का झाला? उत्तर आलं, 'कामकाजाच्या कारणाने'. दुसरं पत्र पाठवलं, तर तेच उत्तर आलं आणि सोबत फ्रिजवर लावायचं चुंबक. मग तिने ठरवलं, हे कारण कसं असतं ते आपण गाडीत बसूनच बघू.

फेरीसाठी तिने मुद्दाम डेल हुबकाची पाळी मागून घेतली. त्या दिवशी पेटी घेऊन धापा टाकत आला होता तो डेलच. शाळेच्या खानावळीत लॉर्नाने एकवीस वर्षं वाढप केलं, त्यात या डेलला सहा वर्षं बटाट्याचा लगदा वाढला होता. आता तो पस्तिशीचा होता, कमरेला पिस्तूल होतं, आणि तरी तिच्यासमोर पाठ ताठ करून बसायचा.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी दहाला गाडी निघाली. पहिल्या दीड तासात खात्याने गावाचं पुढीलप्रमाणे रक्षण केलं: रस्ता अडवून बसलेल्या बदकांच्या कुटुंबाला पार करून दिलं, आणि कुंपणापलीकडच्या झाडाची सावली आपल्या टोमॅटोंवर पडते ही एका गृहस्थाची तक्रार वीस मिनिटं ऐकून घेतली. मधल्या वेळात डेल हवेविषयी बोलला. लॉर्ना पण हवेविषयी बोलली. व्हर्नचं नाव दोघांनीही काढलं नाही. आठव्या तासाला विचारायचं, असं तिने मनाशी योजलं होतं. पहिल्याच तासाला विचारलं आणि त्याने उतरवून दिलं तर?

अकरा अडतीसला वायरलेस खरखरला. ठाण्यातली मार्सी बोलत होती.

"डेल, हिकरी रस्ता, बेचाळीस नंबर. टोलिव्हरांचं घर. म्हातारबुवा अंगणात पडलेत, श्वास नाही म्हणते बायको. अँब्युलन्सला सतरा मिनिटं आहेत. दुसरी गाडी अजून गॅरेजातच आहे."

"निघालो," डेल म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "मार्सी, गाडीत पाहुणी आहे."

खरखरीतून मार्सी पुन्हा बोलली.

"मग आधी पाहुणी उतरव बाबा. मी काय सांगू?"

डेलने गाडी वळवली. लॉर्नाचा जन्म या गावातला. हिकरी रस्ता उजव्या हाताला दोन चौक सोडून होता, आणि गाडी डावीकडे वळली होती.

"डेल, टोलिव्हर तिकडे राहतात."

"हो मॅडम. पण पाहुणा गाडीत असताना सायरन लावता येत नाही. विमा कंपनीची अट आहे. आधी पाहुण्याला सुरक्षित ठिकाणी पोचवायचं, पावती घ्यायची, मग जायचं."

"कसली पावती?"

"पाहुणा सुस्थितीत मिळाल्याची."

"मी काय पार्सल आहे का रे?"

"फॉर्मच्या नवव्या पानावर आहे, मॅडम. तुम्ही सही केलीय."

गाडी शहाण्यासारखी हळू चालली होती. सायरन नाही म्हणजे वाहतुकीचे सगळे नियम लागू. चौकातल्या 'थांबा' लिहिलेल्या लाल पाटीपाशी डेलने गाडी पूर्ण थांबवली, ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन म्हटलं, आणि मग पुढे घेतली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मग ते सुरक्षित ठिकाण आहे तरी कुठे?"

"तीनच मंजूर आहेत. वाचनालयात आज वाळवीचं औषध मारलंय. अग्निशमनवाले सगळे चर्चच्या धिरड्यांच्या जेवणाला गेलेत, कुलूप आहे. राहिलं पिटलकचं गाद्यांचं दुकान."

पिटलकचं दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. चाळीस वर्षांत तिथे एकही गुन्हा घडलेला नव्हता, म्हणून यादीत त्याचं नाव लागलं. चाळीस वर्षांत तिथे फारसं गिऱ्हाईकही आलेलं नव्हतं, पण ते यादीत लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या लाल पाटीपाशी डेल पुन्हा थांबला आणि एक, दोन म्हणू लागला. त्याच्याबरोबर लॉर्नाही मनात मोजू लागली. हे असं हळूहळू आकडे मोजणं तिच्या ओळखीचं होतं.

"डेल," ती म्हणाली, "व्हर्नच्या दिवशी गाडीत कोण होतं?"

डेलने स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी हलली नाही.

"चर्चच्या गायकांतले मिस्टर ग्रेबल."

"आणि त्यांना कुठे उतरवलंस?"

"पिटलककडे."

"मग?"

"पिटलक संडासात होते, मॅडम. पेपर घेऊन जातात ते. मी दार वाजवलं. आतून म्हणाले, आलोच. सहीशिवाय मला निघता येईना." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "मी दार तोडायला पाहिजे होतं. रोज वाटतं मला. ठाणेदार म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नियमाप्रमाणेच वागलास तू."

तर कारण हे होतं. दोन वर्षं लॉर्ना रात्रंदिवस त्या कारणाला वेगवेगळे चेहरे देत बसली होती. कुठे दरोडा पडला असेल, पूल खचला असेल, निदान कुणीतरी पिऊन पडलं असेल. आणि निघाला पिटलक, पेपर घेऊन बसलेला. तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाईट हसू होतं की डेल दचकला. आज त्याच गाडीत, ग्रेबलच्या जागेवर, नारिंगी जाकीट घालून ती स्वतः बसली होती, आणि मागे चार चौकांवर कुणाची तरी बायको घड्याळाकडे बघत होती.

तिने दार उघडलं आणि उतरली.

"मॅडम! ही जागा मंजूर नाही!"

"गाडीत आता पाहुणी आहे का?"

"नाही, पण पावती..."

"पावतीचं मी बघते. तू जा! अरे बघतोस काय माझ्याकडे, सायरन लाव!"

डेलने गाडी जागच्या जागी अशी गरकन फिरवली की एक टायर फुटपाथवर चढला. सायरन ओरडत निघाला आणि अर्ध्या मिनिटात थांबला. लॉर्नाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस. मग अठ्ठावन्न वर्षांचा उजवा गुडघा घेऊन ती धावत सुटली.

बेचाळीस नंबरचं अर्धं गवत कापलेलं होतं आणि अर्धं नव्हतं. जिथे कापणं थांबलं होतं तिथे रॉस टोलिव्हर उताणे पडले होते. त्यांचं गवत कापायचं यंत्र मात्र थांबलं नव्हतं. आपल्या चाकांवर घरघरत ते एकटंच शेजाऱ्याच्या ट्यूलिपांत शिरलं होतं आणि ओळीने फुलं कापत चाललं होतं. पाण्याचा पाइप तसाच वाहत होता. टोलिव्हरांची बायको इर्मा हातात नवऱ्याची टोपी धरून उभी होती. डेल गुडघ्यांवर बसून छाती दाबता दाबता थांबला होता, कारण शेजारी उघड्या पडलेल्या पेटीतून एक बाई फार गोड आवाजात सांगत होती, "कृपया रुग्णाला स्पर्श करू नका. तपासणी चालू आहे."

झटका बसला. टोलिव्हरांचं अंग उडालं आणि पडलं. "आता छाती दाबा," पेटीतली बाई म्हणाली, जणू चहा टाका म्हणत होती.

कुंपणावरून शेजारी ओरडला, "इर्मा, तुमचं यंत्र माझ्या बागेत आलंय!" मग त्याला गवतावरचं सगळं दिसलं. "नाही, नाही, असू दे. सावकाश," असं म्हणून तो यंत्राच्या मागे धावला.

"मॅडम, येतं ना तुम्हाला?" डेल धापा टाकत म्हणाला. "माझे हात गेले."

पाहुण्याने कशालाही हात लावू नये, असं सहाव्या पानावर होतं. लॉर्ना ओल्या गवतात बसली आणि तिने हात लावला. वर्गातला रबरी बाहुला दाबला की नुसता टकटक वाजायचा. इथे चौथ्या दाबाला तिच्या तळव्याखाली बरगडी मोडली. तो आवाज तिच्या कोपरांपर्यंत गेला. ती मोठ्याने मोजत राहिली. टोलिव्हरांचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांच्या गालावर कापलेल्या गवताची एक काडी चिकटली होती. ती काडी काढावीशी तिला फार वाटत होतं, पण हात मोकळा नव्हता. वर्गात या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. तिथे मध्ये कॉफीची सुट्टी असायची.

अँब्युलन्स आली. त्या लोकांनी अर्धा तास काय काय केलं, सुया टोचल्या, नळ्या घातल्या. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाईने हातमोजे काढले आणि घड्याळ बघून वेळ सांगितली. त्यांनी टोलिव्हरांवर पांढरी चादर घातली. चादर ओल्या गवतावर पसरली आणि काठाने हिरवी होऊ लागली.

स्वयंपाकघरात इर्मा टेबलाशी बसली. नवऱ्याची टोपी तिने मीठदाणीच्या शेजारी ठेवली. सिएटलची मुलगी संध्याकाळपर्यंत पोचेल, असं तिने कुणी विचारलं नसताना दोनदा सांगितलं. लॉर्ना समोर बसली. व्हर्नच्या दिवशी तिच्या टेबलाशी कुणी बसलं नव्हतं. डेल दारात टोपी फिरवत उभा होता, तेवढाच.

"पोलिसांना उशीर झाला का गं?" इर्माने विचारलं. "मला तर तासभर वाटला. खरं सांग."

"चार मिनिटं," लॉर्ना म्हणाली. "मीच होते गाडीत. घड्याळ बघत होते. अकरा अडतीसला फोन, अकरा बेचाळीसला गाडी दारात."

"चार."

"चार. त्याहून लवकर कुणालाच येता आलं नसतं."

इर्माने मान हलवली. तो आकडा तिने जवळ घेतला आणि तिचे खांदे थोडे खाली आले. लॉर्नाला तिचा हेवा वाटला. दुसऱ्याच क्षणी मनात आलं, की चार मिनिटांनीही माणूस वाचला नाही, म्हणजे कदाचित व्हर्नही वाचला नसता. तिला सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस बाहेर चादरीखाली असताना आपण सुटलो, याची तिला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेतही पिटलकच्या पेपरचा राग तसूभर कमी झाला नाही.

दारात डेल आला. त्याच्या गुडघ्यांना गवत लागलं होतं, डोळे लाल होते, आणि हातात कागद होता.

"मिसेस टोलिव्हर, ही काही वेळ नाही, मला कळतं," तो चाचरत म्हणाला. "पण स्टुकेल मॅडमना मी भर रस्त्यात उतरवलंय. ठाण्यात विचारतायत, पाहुणी कुठे आहे. ती ज्यांच्या घरी आहे त्यांची सही लागते. नाहीतर माझं... म्हणजे, नसेल द्यायची तर राहू द्या."

"डेल, तुला काही लाज?" लॉर्ना म्हणाली.

"आण इकडे," इर्मा म्हणाली. गेल्या तासाभरात तिने अँब्युलन्सवाल्यांच्या तीन कागदांवर सह्या केल्या होत्या. प्रत्येक कागद नवऱ्याला नेण्याबद्दलचा होता. हा एकच कुणीतरी मिळाल्याबद्दलचा होता. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि सही केली.

"इथे एक रकाना राहिलाय," ती म्हणाली. "पाहुणा कोणत्या स्थितीत मिळाला?"

"'चांगल्या' लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात."

इर्माने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाचं जाकीट पाण्याने चिकटलं होतं, एक मोजा गुडघ्यावर फाटला होता आणि टेबलावर ठेवलेले हात अजून आपोआप दाबत होते, मोजत होते. इर्माने एका हाताने ते दोन्ही हात धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने रकाना भरला.

डेलने कागद उचलून वाचला. 'माझ्यासारख्याच', असं लिहिलं होतं. खात्याला असलं उत्तर चालत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तो अंगणातला नळ बंद करायला गेला.