रश्मीने धरलेला दरवाजा

मित्रांनो, माझ्याजवळ बसून माझी गोष्ट ऐकायला कुणाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना पत्र्याचा दरवाजा आहे, आणि तोही जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींच्या शौचालयाचा. आता मी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून पडलो आहे. माझ्या आडोशाला कोंबड्या बसतात. तरीही ऐका.

माझा जन्म शेवगावला, सहादेव मिस्तरींच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्यांनी लोखंडी अँगल कापून सांगाडा केला, त्यावर पत्रा बसवला आणि मला निळा रंग दिला. कडी लावताना ते आपल्या कारागिराला म्हणाले, "पोरींसाठी हाय हे. कडी अशी बसव, का बाहेरून कुनी कितीबी ढकललं तरी उघडता कामा नये." जगात आपलं काम काय, हे मला त्या एका वाक्यात कळलं.

टेम्पोतून मी गावात आलो. त्याआधी इथल्या मुली वेड्या बाभळींच्या आड जात असत. मला बसवलं त्या दिवशी त्यांनी मला कितीदा उघडून लावून पाहिलं! एकीने आत जाऊन कडी लावली आणि आतूनच ओरडली, "आता ढकला गं!" साऱ्याजणींनी जोर लावला. मी हललो नाही. लोखंडालाही अभिमान वाटतो, मित्रांनो.

अशी काही वर्षं बरी गेली. पण बोअरचं पाणी खारं होतं. माझा खालचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली. मग कडी तुटली. पुढे खालची बिजागरीही सुटली. मुख्याध्यापक नितीन सरांनी मला तारेने बांधलं, पण तार किती दिवस टिकणार? शेवटी मुलींनीच आपली सोय केली. एक आत जाई आणि दुसरी मला बाहेरून धरून ठेवी. हे काम बहुतेक वेळा सातवीतल्या रश्मीकडे असे, कारण ती सगळ्यांत उंच होती. आतल्या लहान मुलीला भीती वाटू नये म्हणून ती बाहेरून मोठ्याने पाढे म्हणायची.

शाळेचा कारभार पाहायला पालकांची एक समिती असते. तिच्यात निम्म्या बायका असाव्यात आणि मागे राहिलेल्या समाजांतले पालकही असावेत, असा नियम आहे. त्या नियमाने बौद्ध वस्तीतल्या छबूबाई समितीवर आल्या होत्या. त्या रोजाने खुरपणीला जात. रश्मी त्यांचीच मुलगी.

त्या साली समितीची सभा माझ्यासमोरच्या लिंबाखाली भरली. शाळेला मिळणारं तुटपुंजं अनुदान आणि गावची वर्गणी कशावर खर्च करायची, हा विषय होता. समितीचे अध्यक्ष आसाराम म्हणाले, "औंदा रस्त्याच्या कडंला कमान बांधू. रंगीत, देखनी. ती पिवळी बस रोज येती आन् आपली पोरं इंग्लिश शाळेत नेती. शाळा बाहेरून चांगली दिसली तर पट टिकंल. पट गेला का शाळाच बंद."

आसारामांचं बोलणं खोटं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरची शाळा बंद पडलेली साऱ्यांनी पाहिली होती.

छबूबाई उभ्या राहिल्या. "कमान करा, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर आधी ते दार बघा. पोरींना लई अवघड व्हतंय."

"कमानीलाच कमी पडतंय, छबूबाई. दार पुढल्या सालाला करू."

"पोरींनी सालभर काय करायचं मग?"

मागून कुणीतरी हसून बोललं, "राखीव जागा भरायची म्हनून घेतलं, आता ह्याच कारभार करनार व्हय?"

छबूबाईंचा चेहरा उतरला, पण त्या खाली बसल्या नाहीत. "दाराच्या बाजूनं कोन हाय, त्यानं हात वर करा," त्या म्हणाल्या.

रतनबाईंचा हात अर्धा वर आला. त्या बागायतदाराच्या घरातल्या, आणि त्यांची स्नेहल पहिलीत होती. त्यांनी समोर बसलेल्या दिराकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. आणखी कुणाचा हात वर आला नाही. नितीन सर मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिले.

कमान झाली. चांगली झाली. तिच्यावर सरस्वती आणि दोन मोर होते.

आषाढात आमच्या भागात पाऊस कमी आणि वारा फार. अशाच एका दुपारी स्नेहल आत होती आणि रश्मी मला धरून उभी होती. जोराची वावटळ आली. माझी वरची बिजागरी निखळली आणि मी आतल्या बाजूला कोसळू लागलो. रश्मी मागे सरली असती, तर तिला काहीच झालं नसतं. पण तिने माझी कड दोन्ही हातांनी धरली आणि माझा सारा भार त्यांच्यावर तोलला. तिच्या उजव्या हाताची बोटं माझ्या आणि चौकटीच्या मध्ये सापडली.

"स्नेहल, हाताखालून नीघ! नीघ आधी!" ती ओरडली.

स्नेहल रडत बाहेर आली, तेव्हा कुठे रश्मीने मला सोडलं.

नितीन सरांनी तिला मोटारसायकलवरून शेवगावच्या दवाखान्यात नेलं. तिची दोन बोटं काढावी लागली.

पुढच्या सभेत अपघाताची नोंद झाली. 'मुली दरवाजाला लोंबकळल्याने दरवाजा पडला.' छबूबाई सही न करता निघाल्या. तेवढ्यात रतनबाई त्यांच्यामागे धावत आल्या आणि माझ्यापाशीच त्यांनी छबूबाईंचा हात धरला. "तुमच्या पोरीनं माझी लेक वाचवली, बाई. तुमचे उपकार कसे फेडू?"

छबूबाई शांतपणे म्हणाल्या, "तवा हात वर केला असता, तर लई झालं असतं."

रतनबाईंनी धरलेला हात सोडला. दिवाळीनंतर स्नेहल पिवळ्या बसने जाऊ लागली. ती बस सरस्वतीच्या कमानीखालीच थांबते. ज्यांना परवडलं त्यांनी आपल्या मुली नेल्या. वस्तीतल्या मुली इथेच राहिल्या.

रश्मी आता डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. तिचं अक्षर अजून रेघेवर बसत नाही. एकदा ती माझ्याजवळ आली आणि माझ्या गंजलेल्या कडेकडे बराच वेळ पाहत राहिली. मला तिची क्षमा मागायची होती. पण पत्र्याला वाचा नसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी समितीवर बसाल, कुणी अध्यक्ष व्हाल. शाळेचे चार पैसे तुमच्या हातात येतील, तेव्हा रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच पाहू नका. एकदा शाळेच्या मागच्या बाजूलाही या.

माझ्या जागी नवा दरवाजा अजून आलेला नाही. रिकाम्या चौकटीपुढे दोन मुली ओढणी ताणून उभ्या राहतात. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की पाण्याच्या टाकीवर रांग लागते. त्या रांगेत सगळे मुलगेच असतात. मुली पाणी पीत नाहीत.