बाजूला काढलेले दांडे

घणाचे आणि कुऱ्हाडीचे दांडे मी तासतो. त्यांना तेल चोळायचे काम बायकोचे होते. तिला जाऊन अडीच महिने झाले.

दांड्यांना लाल रंग द्या, चमकणारा माल पटकन उचलला जातो, असे दुकानदार कित्येक वर्षे सांगत होता. ती ऐकत नसे. "तेलाखाली लाकूड दिसतं. रंगाखाली काय आहे ते कुणाला कळणार?" म्हणायची. जवसाचे तेल चोळताना लाकडाची तिरकी रेघ तिच्या बोटांनाच कळायची. तसा दांडा एखाद्या घावाला मोडतो आणि घण समोरच्याच्या अंगावर जातो. असे दांडे ती बाजूला काढून कोपऱ्यात ठेवायची.

या खेपेला मी रंगाला हो म्हटले. तेलाचा डबा उघडला की तिच्या हातांचा वास यायचा. तो मला सोसवत नव्हता, एवढेच कारण.

मुलगी मदतीला राहायला आली होती. तिने सगळे दांडे रंगवले आणि काल टेम्पो माल घेऊन गेला. आज मी झाडू घेऊन गेलो, तर कोपरा रिकामा.

"इथले दांडे कुठे गेले?"

"रंगवले की. तुम्हीच म्हणालात ना, हे आईने बाजूला काढलेत म्हणून."

"बाजूला काढलेत म्हणजे टाकाऊ, बाई."

ती हसली. "काहीतरीच. चादर असो, कपबशी असो, चांगलं असेल तेच आई माझ्यासाठी बाजूला काढायची."

मी हसलो नाही, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"किती होते?"

"अकरा. त्यातला एक ह्यांना दिलाय, घणाला. आईची आठवण म्हणून."

जावई दगडाच्या खाणीवर घण मारतो. समोर त्याचा धाकटा भाऊ छिन्नी धरून बसतो. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आम्ही स्कूटर काढली.

पोचलो तेव्हा घण वर गेलेला होता. मुलगी ओरडत धावली. जावयाने तो हळूच खाली घेतला.

"काय झालं? बाबा, चप्पल तरी घालून यायचंत."

मी त्याच्या हातून घण घेतला आणि चाकूने रंग खरवडला. आत रेघ एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेली होती. तिच्यात माझे नख शिरले. धाकट्याने वाकून पाहिले, आणि मग आपले दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला.

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "कालच्या मालातले दहा दांडे परत पाठवा. तडकणारे आहेत."

"कुठले दहा? इथे सगळे सारखेच लालभडक आहेत. खूण काय?"

"रंग खरवडून बघावं लागेल."

"आणि सकाळपासून तीसेक गेले, त्यांचं काय?"

"कोणी नेले?"

"आता दांडा घेणाऱ्याला नाव कोण विचारतं हो?"

मुलगी हातांवरचा रंग नखाने काढत उभी होती. खाणीत बाकीच्या टोळ्यांचे घण पडत होते. मी चाकू घेऊन जवळच्या टोळीकडे निघालो.