चाळीस गुणिले ठोके

मित्रांनो, मी एक जुनी स्थिर पदावली आहे, म्हणजे कधी न बदलणारं एक छोटंसं गणित. अंगाने एवढीशी: चाळीस गुणिले ठोके. बस, संपले मी! चिपच्या पोटात काय काय असावं ते शब्दांत लिहायची एक भाषा असते ना, त्या भाषेतल्या एका फाइलीत, एकशे बाराव्या ओळीत माझं घर.

मला लिहिलं शाहिनाजने. कैरोत, शुब्रामध्ये, ताअमियाच्या, म्हणजे डाळीच्या वड्यांच्या, दुकानाच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. ही मंडळी रोटीच्या भट्टीला लावायचं यंत्र बनवतात. पट्टा रोटी आत नेतो, थांबतो, चाळीस सेकंदांनी तिला बाहेर काढतो. चाळीस सेकंद म्हणजे चिपच्या घड्याळाचे किती ठोके, हे सांगायचं काम माझं. एका सेकंदाला दोन कोटी ठोके, हे वरच्या ओळीत लिहिलेलं. माझं उत्तर, ऐंशी कोटी!

पण ऐका ना, माझं दुःख असं की मला फक्त एकदाच सोडवतात. चिपमध्ये काही भरायच्या आधीच कंपायलर, म्हणजे आमची भाषा चिपला समजावून देणारा प्रोग्रॅम, माझा गुणाकार करतो, उत्तर आत कोरतो, आणि मी बसते घरी. आणि शेजारी कोण? पट्टा चालवणारा-थांबवणारा सिग्नल! क्षणात शून्य, क्षणात एक. तपासणीच्या वेळी पडद्यावर त्याची हिरवी रेघ नाचायची आणि सगळे माना वाकवून बघायचे. "काय उडी मारतोय बघ पठ्ठ्या!" पडद्यावर माझा साधा ठिपका नाही हो! अशी जळायचे मी, भट्टी काय जळेल!

शाहिनाज एकदाच म्हणाली होती, "उद्या ठोके बदलले तरी ही आपली आपण बघून घेईल." त्या एका वाक्यावर तीन वर्षं काढली मी.

मग आले वजीह, ऑफिसचे नवे मोठे इंजिनियर. सगळ्यांनी त्यांना 'बाशमुहंदिस', म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणायचं, ते मात्र शाहिनाजला 'पोरी' म्हणणार. आयुष्यभर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिलेला माणूस. मला बघून कपाळाला आठ्या!

"काय गं पोरी, भट्टी चालू असताना चिपला दरवेळी गुणाकार करायला लावतेस? घाम फुटेल तिला!"

"बाशमुहंदिस, तिथे गुणाकार होतच नाही. इथेच होतो, आधीच, एकदाच. चिपला त्याचा काडीचा भार नाही."

"मला शिकवतेस? तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी. सरळ उत्तर लिहावं की!"

आणि माझ्यापुढे त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या. आमच्या भाषेत दोन रेघा म्हणजे, ही ओळ वाचू नका, नुसती टीप आहे. माझ्या जागेवर बसवलं कोणाला? ऐंशी कोटीला! माझ्याच उत्तराला! सिग्नल निदान परका होता. हे तर माझ्या पोटचं पोर, माझ्याच पाटावर मांडी घालून!

वर्षाने काय झालं, चिपच्या घड्याळाला ठोके देणारा स्फटिकाचा खडा बाजारात मिळेना. मिळाला तो सेकंदाला एक कोटी ठोक्यांचा. वजीहनी वरच्या ओळीत 'एक कोटी' केलं, झालं समाधान. मी रेघांमागून ओरडतेय, अहो, खाली ऐंशी कोटी तसेच आहेत! ऐकतो कोण? आणि खरं सांगू? मनातून मला बरंच वाटलं. जळू दे एकदा!

कैरोजवळच्या इम्बाबात मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, बयूमींची भट्टी. तिथे यंत्राची परीक्षा होती. बयूमींनी यंत्र परत पाठवलं तर ऑफिसला टाळंच लागणार होतं. दारात गिऱ्हाइकांची ही रांग! रोटी आत गेली. चाळीस सेकंद झाले, साठ झाले, ऐंशीला बाहेर आली. काळी ठिक्कर!

बयूमी म्हणाले, "रोटी सांगितली होती, चपलेचा तळ नव्हे!"

रांगेतून एक म्हातारी ओरडली, "मला दहा बांध रे, सुनेला देते!"

सगळे हसले. शाहिनाजचे ओठ पांढरे पडले होते. ते बघून माझी सगळी मजा गेली, खरंच.

"माझा चहा संपेपर्यंत वेळ," बयूमींनी ग्लास उचलला. "मग हा डबा उचला."

शाहिनाजने पिठाच्या पोत्यावर लॅपटॉप उघडला. "दुप्पट वेळ लागला, बाशमुहंदिस. खडा निम्मा, वेळ दुप्पट..." बोट सरकत सरकत एकशे बारावर थांबलं. तिने ऐंशी कोटीला उठवलं, माझ्या दोन रेघा पुसल्या. चाळीस गुणिले एक कोटी, चाळीस कोटी! सुटले मी, एकदाच, उत्तर चिपमध्ये गेलं, आणि संपलं माझं काम. ग्लासच्या तळाशी घोटभर चहा उरला होता.

रोटी बाहेर आली टम्म फुगलेली. बयूमींनी पट्ट्यावर थाप मारली. "बघा कसा सरकतोय माझा वाघ!" म्हणजे कौतुक पुन्हा त्या सिग्नलचंच! वजीहनी रोटी मोडून पहिला तुकडा पुढे केला. "घ्या, बाशमुहंदिस शाहिनाज." तिलाही मान मिळाला. आणि मला?

संध्याकाळी तिने माझ्या शेजारी दोन रेघा ओढल्या. माझ्या तर काळजात धस्स! पण या वेळी रेघा माझ्यानंतर होत्या, आणि त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'हिला कुणी हलवू नका.'

मित्रांनो, कुठे नुसतं उत्तर ऐटीत बसलेलं दिसलं तर एवढं विचारा, बाबा, तू आलास कुठून? आणि ज्याच्यातून ते आलं त्याला पुसू नका.

आणि हो, सिग्नलच्या ओळीशेजारी असं काहीच लिहिलेलं नाही. जाऊन बघा, जळतोय की नाही!