दोनशे दाण्यांची चाचणी

वीज गेली की आमच्या ऑफिसात कुणी हळहळत बसत नाही. भांडारवाले काका घड्याळात बघतात, साहेब नियमांची वही उघडतात आणि मी जाड कागद भिजत घालते. आमचं ऑफिस म्हणजे बियाण्यांची साठवण. आत एक थंड खोली, खोलीत डबे, डब्यांत जुन्या वाणांचं बी. कधीतरी हवामान बिघडलं तर उपयोगी पडावं म्हणून जपलेलं. आता हवामान बिघडलंय, ते ‘कधीतरी’ येऊन दारात उभं आहे, आणि आम्ही आत चाचण्या करतोय.

नियम असा की थंड खोली सहा तासांपेक्षा जास्त बंद पडली तर प्रत्येक डब्यातल्या बियांची उगवण पुन्हा तपासायची. हा नियम केला तेव्हा वीज दोन वर्षांतून एकदा जायची. आता उन्हाळा आठ महिने चालतो, सगळं शहर पंख्याखाली बसतं आणि तारा जळतात. गेल्या चार वर्षांत चोवीस वेळा खोली बंद पडली, चोवीस वेळा आम्ही सगळं तपासलं. ही पंचविसावी वेळ.

काका खिडकीतून बंद पाकीट देतात. आत मोजून दोनशे दाणे. ते मी ओल्या कागदांवर ओळीत मांडते, कागदांच्या गुंडाळ्या करते आणि ट्रेमध्ये उभ्या ठेवते. आठव्या दिवशी गुंडाळ्या उलगडायच्या, किती उगवले ते मोजायचं, टक्केवारी लिहायची, आणि उगवलेले कोंब भट्टीत जाळून टाकायचे. का जाळायचे? तर कुणी बाहेर नेऊन विकेल म्हणून. बावीस वर्षं हे काम करतेय. माझा आकडा कधी चुकला नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

त्या सकाळी तीनशे अठरा नंबरच्या डब्याचा आठवा दिवस होता. तीनशे अठरा म्हणजे माझ्या आत्याचा घेवडा. पांढरा दाणा, डोळ्यापाशी तांबडा ठिपका. दोनशेपैकी एकशे चौऱ्याऐंशी उगवले होते. ब्याण्णव टक्के! सगळ्या साठवणीत पहिला नंबर, नेहमीसारखाच. मी आकडा ठळक अक्षरात लिहिला. भट्टी विजेवर चालते आणि वीज पुन्हा गेलेली, म्हणून गुंडाळ्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि वहीत ‘जाळून नष्ट केले’ असं लिहिलं. तसंच लिहायचं असतं.

साडेदहाला आत्या आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर ओला रुमाल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पावती.

“मोठ्या ऑफिसात बसतेस, पण एक पंखा चालत नाही तुमचा,” खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. “हे घे. माझं बी दे.”

बारा वर्षांपूर्वी आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे राहायला गेली, तेव्हा घेवड्याचा दोन किलोचा डबा मीच तिच्याकडून मागून आणला होता. तिने आधी नाही म्हटलं. “घरात ठेवून काय करशील?” मी म्हटलं होतं. “तुझ्याकडे उंदीर आहेत, आमच्याकडे थंड खोली आहे.” पावतीवर लिहिलं होतं, मागाल तेव्हा दहावा हिस्सा परत. ती परत आली तोवर आळीत सगळ्यांनी बाजारचं बी लावलं होतं. त्याला शेंगा जास्त धरायच्या, म्हणून तिनेही तेच लावलं.

“तीन उन्हाळे झाले,” आत्या सांगू लागली. “वेल येतो, फूल येतं आणि दुपारी झडून जातं. एक शेंग नाही. आमच्या आळीत कुणाकडेच नाही. दुकानात डबाबंद मटार, तोही माणशी एक डबा. माझा घेवडा उन्हाला भीत नव्हता गं. मूठभर दे, सगळ्या आळीला पुरवते की नाही बघ.”

“मूठभर कशाला, पाचशे दाणे आहेत तुझ्या हक्काचे,” मी ऐटीत म्हटलं आणि पावती घेऊन काकांच्या खिडकीशी गेले.

काकांनी पावती वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

“तीनशे अठरा संपला,” ते म्हणाले.

“संपला म्हणजे? आत्ताच ब्याण्णव टक्के आलाय!”

“तेच शेवटचं पाकीट होतं. पाच हजार दाण्यांचा डबा, दर वेळी दोनशे. तुम्हीच हिशेब करा.”

मला हिशेब करायची गरज नव्हती. “काका, मग बोलला का नाहीत?”

“चिठ्ठी येते, मी पाकीट देतो. किती उरलं असं चिठ्ठीवर कुणी विचारत नाही. मोठ्या पोत्यांना काही होत नाही, मरण या छोट्या डब्यांचं. पूर्वी डबा अर्धा झाला की मागच्या वाफ्यांत पेरून भरून काढायचे.” त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पेरणी विभाग बंद होऊन पाच वर्षं झाली. वाफ्यांवर फरशी घातली आहे आणि तिथे साहेबांची गाडी उभी असते.

मी साहेबांच्या खोलीत गेले. ते रजिस्टरने वारा घेत होते.

“तीनशे अठराचा अहवाल उत्तम आहे,” मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. “वर पाठवतो. स्थिती समाधानकारक.”

“साहेब, डबा रिकामा आहे.”

“हो, पण टक्केवारी चांगली आहे ना?”

रोगापेक्षा औषध भारी म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर बसलेलं पाहिलं. आणि राग फक्त साहेबांचा आला असता तर बरं झालं असतं. पाकीट खिडकीतून येतं तेव्हा त्याच्या मागे एक डबा आहे, तो रिकामा होतोय, हे बावीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आत्याचा घेवडा पहिला आला म्हणून मी दर वेळी खूश व्हायचे.

बाहेर येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती उठून उभी राहिली.

“कुंपणानंच शेत खाल्लं,” ती म्हणाली. “कचऱ्याचा डबा कुठं आहे?”

कचऱ्याची गाडी बाराला येते. अकरा वाजून गेले होते. मागच्या अंगणात फरशी तापून पाय भाजत होते. मी लोखंडी डबा आडवा केला आणि आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो. चहाचा चोथा, फाटलेले फॉर्म, कुणाचा तरी उष्टा भात, आणि खाली माझ्या गुंडाळ्या. वरच्या दोन वाळून कडक झाल्या होत्या. त्यांतले कोंब हात लावताच मोडले. खालच्या दोन अजून ओलसर होत्या. आत्या एकेक कोंब नखाने उचलायची, मूळ बघायची आणि तिच्या ओल्या रुमालावर ठेवायची किंवा बाजूला टाकायची. वीज असती तर हेही भट्टीत राख झाले असते.

“बाई!” साहेब मागच्या दारात उभे होते. “काय चाललंय हे? ते बी कागदावर नष्ट झालेलं आहे.”

“मग आज दुपारी कागदच जेवा,” मी म्हटलं.

असं मी साहेबांशी कधी बोलले नव्हते. वाटलं, आता मेमो येणार. ते रुमालावरच्या कोंबांकडे बघत दोन पायऱ्या उतरून खाली आले.

“एखादं मिळेल का?” आवाज अगदी बारीक. “घरी बाल्कनी आहे. मुलीला मटार आता बघवत नाहीत.”

आत्याने मान वर केली. “अर्ज करा,” ती म्हणाली. “नियमात बसलं तर बघू.”

एकतीस कोंब निघाले. रुमालात गुंडाळून, रुमाल माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर धरून मी आत्याबरोबर बसने गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण लिहायच्या जागी काहीच लिहिलं नाही.

तिच्या घरामागच्या वाफ्यात ऊन उतरल्यावर आम्ही कोंब लावले. माती पिठासारखी कोरडी होती. भांडी धुतलेलं पाणी तिने सकाळीच साठवून ठेवलं होतं, ते वाटी-वाटीने घातलं. सात कोंब लावतानाच माना टाकून पडले. उरले चोवीस.

“इतके पुरतील का?” मी विचारलं.

“दहा जगले तर पुढच्या वर्षी बी होईल. खायला नाही, बी होईल. आळीला द्यायचं तर तीन-चार वर्षं.” ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, हे आम्ही दोघींनी मनातल्या मनात मोजलं असणार. तिने शेवटच्या कोंबाभोवती माती दाबली आणि हात झटकले.

“आणि याआधी तू किती टाकलेस गं?”

“चार हजार आठशे.”

“अंदाजे?”

“नाही आत्या,” मी म्हटलं. “मोजून टाकले.”