दोन शतांश

उज्ज्वलानं तिसऱ्यांदा खोडरबर फिरवला, चौकोनाची पुन्हा चार घरं पाडली आणि तेच आकडे भरले. रंगाची भुकटी हाताळणारे चारशे. त्यांतले आजारी तीन. भुकटीपासून लांब, म्हणजे ऑफिसात आणि गेटवर बसणारे वीस. त्यांत आजारी एकही नाही. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. उत्तर पुन्हा तेच, दोन शतांश.

"काय व्हयनं?" धुरपदाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"तेच आलं, माय. कारखान्याचं गणित बरोबर आहे."

धुरपदाबाईचा हात परातीतच थांबला. लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकते याचा तिला कोण अभिमान! पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीतल्या त्या गल्लीत दुसऱ्या कुणाची पोर बी.एस्सी.ला होती? साहेबाची चूक आपली उज्ज्वला चुटकीसरशी धरणार, असं ती दोन दिवस शेजारणींना सांगत सुटली होती. आणि चूक नव्हतीच. मेली एखादी असती तर काय बिघडलं असतं?

उज्ज्वलाचा बाप सुकलाल भिंतीला टेकून ऐकत होता. चौदा वर्षं त्यानं रंगखात्यात पिवळी भुकटी तोलली. मग लघवीतून रक्त जायला लागलं, मूत्राशयाचं ऑपरेशन झालं. त्याच्याआधी त्याच खात्यातल्या गणपतचं आणि छगनचंही असंच झालं होतं. डॉक्टर तोंडानं म्हणाले, रंगापासून दूर राहा. कागदावर लिहून द्या म्हटलं तर घड्याळ बघायला लागले. सोमवारी त्याला पुन्हा त्याच भुकटीपुढे उभं राहायचं होतं. त्याचं मागणं एवढंच की मला गेटवर बसवा. त्यावर वेल्फेअर ऑफिसर देसाईसाहेबांनी कागद पुढे केला होता आणि समजावलं होतं. दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं किती, ते सहसंबंधाचा आकडा सांगतो. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पक्कं. तुमच्या रंगाचं आणि दुखण्याचं नातं दोन शतांश.

"सगळी चाळ एकाच नळनं पाणी पेस," धुरपदाबाई तडकली. "तीनच जणस्ले जुलाब लागनात, म्हणीसन नळ चांगला का?"

उंबऱ्यात बसलेला हेमराज हसला. हा तिचा पाठचा भाऊ. त्याच्या लूमचं, यंत्रमागाचं खातं बंद पडलं तेव्हापासून पाच महिने बहिणीच्या खोलीत होता, बायकोपोर गावाकडे. बहिणीच्या घरचा घास त्याला गोड लागत नव्हता, म्हणून तो निम्मा वेळ उंबऱ्यातच बसायचा.

उज्ज्वला मात्र हसली नाही. तिनं झटकन पान उलटलं. तिघंच्या तिघं भुकटीवालेच. याहून पक्कं नातं कुठून आणायचं? समजा आणायचंच म्हटलं, तर आकडा किती वर चढेल? तिनं मांडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, याच्यापेक्षा जास्त येऊच शकत नाही गं! भुकटी जवळजवळ सगळ्यांच्या नशिबी, आणि दुखणं जवळजवळ कुणाच्याच नाही. अशा ठिकाणी ही पट्टीच आखूड पडते. पैकीच्या पैकी मिळवले तरी शंभरात गुण दोनच!"

शनिवारी आईबाप आणि उज्ज्वला देसाईसाहेबांसमोर बसले. माणूस वाईट नव्हता. "बेसो, बेसो," असं गुजरातीत म्हणत त्यानं चहा मागवला आणि उज्ज्वलाचं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावत ऐकलं, आणि हेच जास्त लागत होतं. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.

"मला समजलं, बेन," तो म्हणाला. "पण वर शेठ आकडाच बघणार. हा आकडा निदान अर्ध्यावर यायला काय लागेल?"

त्याचाच कॅल्क्युलेटर ओढून उज्ज्वलानं हिशेब केला. एकदा केला, मग खात्रीसाठी पुन्हा.

"चारशेपैकी साडेतीनशे जण आजारी पडायला हवेत."

धुरपदाबाईनं पदर तोंडाशी नेला. साहेबानं चहाची बशी खाली ठेवली. त्यानं सुकलालकडे बघितलं.

"कागद मला बदलता येणार नाही," तो म्हणाला. "पण सुकलालला मी माझ्या जबाबदारीवर गेटवर घेतो. फक्त भुकटी तोलायची जागा एक दिवससुद्धा रिकामी ठेवता येत नाही. तुम्ही लोक एकाच्या जागी आपलाच दुसरा आणून उभा करता, तसा सोमवारी कुणीतरी घेऊन या. माणूस आला की बदली पक्की."

सुकलालनं हात जोडले. जोडलेले हात मग त्याला सोडवेनात.

घरी येईपर्यंत, हेमराजला हे सांगायचं कसं, हाच घोर धुरपदाबाईला लागला होता. पण उंबऱ्यात बसलेल्या हेमराजनं चेहऱ्यांवरूनच ओळखलं आणि खोदून खोदून विचारलं. ऐकलं आणि ताडकन उठला.

"म्हणजे मना नंबर लागना?"

"भुकटीवर आहे रे," सुकलाल म्हणाला. "माझं काय झालं ते बघितलंस ना?"

"भाऊजी, तुमचं चौदा वर्षांनी झालं. मी दोन वर्षं करीन, पोराला इकडे आणीन, मग बघू. हातचं काम सोडू का?"

सुकलाल उठला. नको म्हणावं, तर सोमवारी स्वतःच तिथं उभं राहायचं. त्यानं एक जुनं धोतर फाडलं आणि तोंडावर फडकं कसं बांधायचं, भुकटी उडाली की श्वास कसा धरायचा, ते मेहुण्याला दाखवायला लागला. हेमराज नवरदेवासारखा मान पुढे करून बांधून घेत होता.

धुरपदाबाईनं उज्ज्वलाचं मनगट धरलं आणि तिला मोरीपाशी ओढून नेलं. तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

"साहेबनी काढेल आकडा बरोबरच शे ना वं? तूच म्हणेल व्हतं."

"हो, माय."

"मंग हेमराजले काही व्हवाव नही ना? चारशेमा तीनच ना, पोरी?"

आतून हेमराजच्या हसण्याचा आवाज आला. फडक्यामुळे तो दबलेला येत होता.

"तीनच," उज्ज्वला म्हणाली.