ओटीतले डबे

२०२३ सालची गोष्ट. पुणतांब्याच्या चांगुणाबाईंच्या सुनेचं, अश्विनीचं, मार्गशीर्षात डोहाळजेवण झालं आणि पेरूच्या ऐन तोडणीत घरात रसाच्या डब्यांची उतरंड लागली.

पूर्वी ओटीत खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हंगामातलं एखादं फळ असायचं. आता बायका आंब्याच्या, लिचीच्या रसाचे पत्र्याचे डबे आणतात. पेरू कोण आणणार? तो तर प्रत्येकाच्या दारात. दारातल्या फळाला मान नाही. शिवाय ओटीतलं दुसऱ्याला द्यायचं नाही, जिची ओटी तिनंच संपवायचं, हा चांगुणाबाईंच्या सासूपासूनचा दंडक. म्हणून सकाळी एक डबा, दुपारी एक.

"आई, जिभेला चिकटतं वो," अश्विनी म्हणायची आणि प्यायची.

सातव्या महिन्याच्या तपासणीत तिच्या रक्तातली साखर चढलेली निघाली. राहात्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोड काय खातेस?"

अश्विनीच्या आधी सासूच बोलली, "गोडाचं नाव न्हाई. निस्त्या फळांवर ठेवलीय."

"तरी एवढी? मग आठवडाभर बघू. उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. बाळाचं वजन फाजील वाढतं, बाळंतपण अवघड होतं."

घरी आल्यापासून चांगुणाबाईंचा पाय एका जागी ठरेना. चुलीपासून ओट्यावर, ओट्यावरून बागेत. मजुरांनी भरलेले पेरूचे क्रेट त्यांनी उगाच उचकून पाहिले. परत आल्या तर नगरला फार्मसी शिकणारी लेक निकिता सुट्टीवर आलेली, डबा उजेडात धरून वाचत होती.

"आई, डॉक्टरला फळं सांगितलीस ती हीच का?"

"मग? आंबा फळ न्हाई तर काय भाजी हाय?"

"पाणी, साखर, मग आंब्याचा गर. पाचातला एक वाटा आंबा. बाकी सरबत."

"लई शिकलीस. वर अख्खा आंबा काढलाय की."

"लग्नाच्या फोटोत तू बी गोरीपान दिसतीस."

अश्विनी खुदकन हसली. चांगुणाबाईंना हसू आलं नाही.

"मग काय देऊ? पेरू? पोटुशीला? थंड असतो, लेकराला खोकला हुतो."

बोलून गेल्या आणि त्यांना आठवलं. अश्विनीचा नवरा हर्षल पोटात असताना सासूच्या धाकानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं बसून त्यांनीच पदरात झाकून गद्दर, अर्धेकच्चे पेरू खाल्ले होते. पोराला कसला खोकला अन् कसलं काय. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण रात्री दोनदा उठून डब्यांची उतरंड बघून आल्या.

सकाळी हर्षलला गाडी काढायला लावून त्या राहात्याला गेल्या. पिशवीत एक डबा आणि एक पेरू. बाकड्यावर बसवेना, म्हणून नंबर येईपर्यंत दारातच उभ्या.

"बाई, मी फळं म्हन्ले ती ही. हा खरा पेरू. आता काय ते सांगा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "मावशी, हा रस तापवलेला, गाळलेला, वर साखर घातलेली. क जीवनसत्त्व तापवल्यानं कमी होतं, चोथा तर जवळजवळ उरतच नाही. घटाघटा प्यायलं की साखर झपकन चढते. पेरू चावून खावा लागतो, चोथ्यामुळं साखर सावकाश जाते. त्यातल्या क जीवनसत्त्वानं जेवणातलं लोहही अंगी लागतं. पण दिवसाला एकच, जरा कडक बघून. टोपलीभर नको."

"आन् ओटीतलं उरलंय, त्याचं?"

"ते मात्र माझ्या पुस्तकात नाही."

घरी येऊन त्यांनी डबे बागेच्या कडेच्या उकिरड्यावर नेले आणि कड्या ओढून एकेक ओतला. अश्विनी बघत होती.

"आई, ओटीतलं टाकत न्हाईत ना?"

"टाकतीय कुठं? ओटी तुझी, माती बी तुझीच. परक्याला न्हाई दिलं." मुंग्यांनी उकिरडा काळा करून टाकला. घरात डब्याच्या जागी रोज एक कडक पेरू आला.

पुढच्या तपासणीचा कागद हातात येईपर्यंत चांगुणाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. साखर उतरली होती. इन्सुलिन लागलं नाही.

फाल्गुनात अश्विनीला मुलगी झाली, धनश्री. अश्विनीची साखर बाळंतपणानंतर ठिकाणावर आली, तरी ती दरवर्षी तपासून घेते. निकिता नगरजवळच्या केडगावला औषधाच्या दुकानात लागली, तिथंच तिचं लग्न झालं. पेरूचा भाव पडला तेव्हा हर्षलनं निम्मी बाग काढून ऊस लावला, आणि आई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. चांगुणाबाईंचे गुडघे गेले. उपचारासाठी त्या आता लेकीकडं असतात, तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरता येत नाही, म्हणून दिवसभर खिडक्या उघडतात आणि लावतात.