हातभर खाली गोडं पाणी

माझे वडील, रामराव, आमचे तात्या, जालन्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला, पण वर्गात असं सांगायचे की जणू काल संध्याकाळीच पाय बुडवून आले. निजामाच्या राज्यात, समुद्रापासून इतक्या लांब राहून माणसाला हे वेड कुठून लागलं कोण जाणे. अडतीस सालच्या दिवाळीनंतर त्यांनी लांबलचक रजा काढली आणि घरात जाहीर केलं, की आपण तिघं शिडाच्या गलबतातून बेटं बघायला जाणार. मी अकरा वर्षांची. मी तर नाचायलाच लागले. आई, म्हणजे सगुणाबाई, भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जे पाणी पिता येत न्हाई, ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

"एकदा बघ तर. मंग बोल," तात्या म्हणाले.

आईचं माहेर मंठ्याच्या बाजूचं. उन्हाळ्यात तिथली विहीर आटायची. लहानपणी ती चाळीस हात खाली उतरून झऱ्यापाशी वाटी घेऊन बसायची. वाटी भरली की घागरीत ओतायची, की पुन्हा वाटी लावायची. एक घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. त्यामुळे पाण्यावरून आईची चेष्टा करायची नाही, हे आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं.

जालन्याहून मनमाड, मग मुंबई, तिथून आगबोटीनं मंगळूर, आणि पुढे कोया नावाच्या तांडेलाचं, म्हणजे नाखव्याचं, गलबत. कोया बेटावरचाच. तांदूळ घेऊन घरी निघाला होता, त्यात आम्ही तिघं. वाटेत उडते मासे फळीवर येऊन तडफडायचे, डॉल्फिन गलबताबरोबर शर्यत लावायचे. तात्यांचा घसा ओरडून ओरडून बसला. "अगं, इकडं बघ! अगं, ते बघ!" आई शिडाच्या सावलीत समुद्राकडे पाठ करून बसलेली. उलट्यांनी बेजार झाली होती आणि मनातून चिडलेलीही होती.

"दिसून राह्यलंय मला," ती न वळताच म्हणायची.

सहाव्या दिवशी बेट आलं. इतकं चिंचोळं, की या किनाऱ्यावरून निघालं तर दुसऱ्या किनाऱ्याला पोचेपर्यंत तोंडातली सुपारीही संपायची नाही. तिथली एक रीत आईला फार आवडली. घर बाईचं असतं आणि नवरा बायकोच्या घरी येतो-जातो. "शहाणे लोक हायेत," असा निकाल तिनं दिला. कोयाची सासू, जिला सगळं बेट उम्मा म्हणायचं, तिनं आम्हाला एक खोली दिली. तिची लेक दहा दिवसांची बाळंतीण होती.

घरामागे नारळाच्या सावलीत विहीर होती. विहीर कसली, वाळूतला दगडांनी बांधलेला खड्डाच. काठीला करवंटी बांधलेली. आईनं वाकून पाहिलं तर हातभर खाली पाणी. तिनं भीत भीत चाखलं. गोडं! दोन्हीकडे खारा समुद्र आणि मधे हे! आईचं भानच हरपलं. तिनं हंडे भरले, आम्हाला न्हाऊ घातलं, मिठानं कडक झालेले कपडे धुतले. दुसऱ्या दिवशी चार गोधड्या काढल्या. जालन्यात गोधड्या धुवायच्या तर ओढ्याला पाणी येईपर्यंत थांबावं लागायचं. ती दिवसभर उपसत होती आणि गात होती. पाहुणीला थांबवायचं कसं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या सकाळी उम्मानं बाळाच्या अंघोळीसाठी पाणी काढलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. विहिरीवर चटई झाकली आणि आत निघून गेली.

"अम्मा, ऊपर मीठा, नीचे खारा," कोया खाली मान घालून म्हणाला. "बहुत खींचा तो खारा ऊपर आ गया."

तात्यांनी समजावलं. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून खाऱ्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. हळू काढलं तर टिकतं. पण ती साय परत कधी धरते, हे मात्र त्यांना सांगता येईना. कोया म्हणाला, कधी चार दिवसांत, कधी पावसाळ्यापर्यंत नाहीच.

आई मटकन खाली बसली. "दुसऱ्याच्या घरचं पाणी तोडलं मी. ओल्या बाळंतिणीच्या घरचं. मी! मला कळू न्हाई?" तिला तसं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग ती उठली आणि हंडा घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवर गेली. करवंटीनं, थांबत थांबत, एवढंसं पाणी काढून आणलं. ते बाळासाठी. रोज सकाळ-संध्याकाळ तिचं तेच चाललं. ओहोटीला तात्या मला पोवळ्यांचा खडक दाखवायला न्यायचे. गुडघाभर पाण्यात निळे-पिवळे मासे, एक कासव, रंग बदलणारा ऑक्टोपस, सगळं पाहिलं. पण तात्यांचं लक्ष परत परत घराकडे जायचं.

विहीर झाकल्यापासून पाचव्या दिवशी गलबत परत सुटणार होतं. त्यानंतरचं कधी, ते वाऱ्यावर. आईनं सांगून टाकलं, "पाणी गोडं झाल्याबिगर मी गलबतात पाय ठेवायची न्हाई. तुम्ही पोरीला घेऊन जा." तात्या काकुळतीला आले. मी तर रात्रभर आईचा पदर धरून झोपले.

पाचव्या सकाळी उम्मानं चटई काढली. करवंटी बुडवली, चाखली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं करवंटी आईपुढे धरली. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली. एक घोट तिनं तोंडात कितीतरी वेळ धरला, मग आणखी एक घेतला.

"गोडं हाय! अहो, गोडं हाय बिलकुल!"

ती वाळूत बसून हसायला लागली, रडायला लागली. तात्याही तिच्याशेजारी बसले. इतकं हायसं मला पुन्हा आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. आई उरलेलं पाणी विहिरीत परत ओतायला निघाली, तर उम्मानं तिचा हात धरला आणि काहीतरी दटावलं.

"बोलती है, पूरा पी के जाना," कोया म्हणाला.

आईनं थेंब न सांडता पाणी संपवलं. मग उम्मानं आपल्याच डोक्यावरच्या कापडानं आईचं तोंड पुसलं.

दुपारी गलबत सुटलं. बेट लहान होत गेलं. आई नेहमीच्या जागी, समुद्राकडे पाठ करून बसली होती. तात्या एकटेच काठाला टेकून पाण्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी तिला बोलावणं सोडून दिलं होतं. थोड्या वेळानं आई उठली, पदर खोचला आणि डगमगत त्यांच्याशेजारी काठावर येऊन उभी राहिली.

"हां," ती म्हणाली, "आता दाखवा तुमचा समुद्र."